बाळ आजारी आहे. सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच निघायचं?

रात्रीचे दीड वाजलेत. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दीड वर्षाच्या पोराला संध्याकाळपासून ताप आहे. आजी म्हणते, ‘पावसाळी ताप आहे, सकाळपर्यंत उतरेल.’ आईला वाटतंय काहीतरी वेगळं आहे, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. वडील फोनवर गाडी शोधतायत. घोटीच्या आसपास, वैतरणेच्या बाजूला किंवा भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या वाड्यापाड्यांवर आवणीच्या दिवसांत घरोघरी हा प्रसंग येतो. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एखादी फरशी पाण्याखाली गेली की दवाखान्यापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो, तासांत मोजावं लागतं.

म्हणूनच ‘मूल जास्त आजारी वाटलं तर डॉक्टरांना दाखवा’ हा नेहमीचा सल्ला इथे अपुरा पडतो. जास्त म्हणजे किती? कशावरून ओळखायचं? त्याची उत्तरं ठरलेली आहेत आणि ती घरच्या घरी, फोनमधलं घड्याळ वापरून तपासता येतात.

उशीर नेमका कुठे होतो?

सप्टेंबर २०१७ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाची बातमी देशभर गाजली. त्याआधीच्या ऑगस्ट महिन्यात तिथल्या नवजात शिशू विभागात ५५ बाळं दगावली होती. बाळांच्या संख्येच्या मानाने इन्क्युबेटर कमी होते आणि एकेका इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती, हे त्यावेळी उघड झालं. रुग्णालयाचं म्हणणं होतं की बहुतेक बाळं कमी दिवसांची, कमी वजनाची होती आणि शेवटच्या अवस्थेत तिथे आणली गेली होती. यंत्रणेची कमतरता हा त्यातला एक भाग आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण ‘शेवटच्या अवस्थेत आणली’ हा दुसरा भागही तितकाच खरा आहे आणि तो नाशिकच्या त्या वॉर्डात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी घडलेला असतो.

उशीर तीन ठिकाणी होतो: घरात, रस्त्यात आणि दवाखान्यात. रस्त्याचं दुखणं या तालुक्याला नवं नाही. जुलै २०२३ मध्ये जुनवणेवाडीतल्या गरोदर महिलेला रस्ता नसल्याने सुमारे अडीच किलोमीटर डोलीतून आणावं लागलं आणि पुढे तिचा जीव गेला. रस्ता आणि दवाखाना या गोष्टी कुटुंबाच्या हातात नाहीत. घरातला उशीर मात्र आहे. आणि रस्ता वाईट असेल तर घरातून निघण्याचा निर्णय आणखी लवकर व्हायला हवा, हे गणित साधं असलं तरी रात्री दीड वाजता सुचत नाही.

गडचिरोलीतली मण्यांची पट्टी

आजारी मूल ओळखायला डॉक्टरच लागतो का, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातच शोधलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. गावात एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही. पण फुप्फुसात संसर्ग झाला की मूल भराभर श्वास घेतं आणि श्वास मोजता येतो. पापुआ न्यू गिनीत डॉ. फ्रँक शान यांनी १९८४ मध्ये हे दाखवून दिलं होतं. अडचण एवढीच की गावातल्या सुईणींना ५० पर्यंत अंक मोजता येत नव्हते.

तेव्हा एक साधं उपकरण तयार झालं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी पाच निळे मणी आणि सहावा लाल, त्याहून मोठ्या मुलासाठी चार निळे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पुढे याच संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांमार्फत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं मूळ तिथे आहे.

अक्षरओळख नसलेल्या सुईणीला जे जमलं, ते स्मार्टफोन हातात असलेल्या आईबापांना न जमण्याचं कारण नाही.

श्वास कसे मोजायचे?

मूल शांत असताना, शक्यतो झोपेत. रडताना किंवा अंगावर पिताना मोजलेला आकडा धरू नका. अंगातला कपडा वर करा, म्हणजे पोट आणि छातीचा खालचा भाग दिसेल. फोनमधलं स्टॉपवॉच सुरू करा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजायचे. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह होतो, पण लहान बाळं मध्येच थांबून थांबून श्वास घेतात, त्यामुळे तो हिशेब फसतो.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, तर तो वेग जास्त आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० च्या वर आला तर एकदा पुन्हा मोजून खात्री करा. खोकला आणि वाढलेला वेग दोन्ही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता आकड्यापेक्षाही महत्त्वाची खूण. मूल श्वास आत घेतं तेव्हा छाती फुगायला हवी. त्याऐवजी बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, तिथे खड्डा पडत असेल, तर फुप्फुसाला फार जोर लावावा लागतोय. घरातल्या म्हाताऱ्या बायका याला ‘पोट उडतंय’ म्हणतात आणि त्यांची नजर बहुतेकदा बरोबर असते. सोबत कण्हण्याचा आवाज, नाकपुड्या फुलणं, ओठ किंवा जीभ निळसर दिसणं यांपैकी काही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही.

यातलं काही दिसलं तर फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल कधी कधी शांत झालेलं असतं किंवा रडून गोंधळ घालतं. डॉक्टरांना घरची अवस्था दाखवायला याहून चांगलं साधन नाही. व्हिडिओ काढण्यासाठी निघायला उशीर करू नका, एवढंच.

आकड्याशिवाय ओळखायच्या चार गोष्टी

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९९० च्या दशकात लहान मुलांच्या आजारांसाठी एक पद्धत आखली. भारताने त्यात नवजात बाळांची भर घालून ती स्वीकारली. आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना शिकवल्या जाणाऱ्या त्या तक्त्यात तीन रंग असतात. गुलाबी म्हणजे ताबडतोब रुग्णालय, पिवळा म्हणजे दवाखान्यात उपचार, हिरवा म्हणजे घरी काळजी.

खोकला असो, जुलाब असोत की ताप, गुलाबी रंगात नेणारी चार लक्षणं दोन महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी सारखीच आहेत. मूल काहीच पिऊ शकत नाही किंवा अंगावर घेत नाही. पोटात गेलेलं सगळंच्या सगळं उलटून पडतं. या आजारपणात झटके आले आहेत. किंवा मूल एवढं मलूल आहे की हाक मारली, हलवलं तरी नीट जागं होत नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघत नाही. चारपैकी एक जरी असलं तरी ताप किती आहे हे बघत बसायची गरज नाही.

इथेच पालकांची गफलत होते. रडणारं, हट्ट करणारं, १०३ ताप असूनही मध्येच बिस्किट मागणारं मूल घाबरवतं. आणि ९९ ताप असलेलं, गप्प पडून राहिलेलं मूल ‘झोपलंय बिचारं’ म्हणून सोडून दिलं जातं. खरा धोका बहुतेकदा दुसऱ्या मुलाला असतो. ताप उतरल्यावर ते खेळतं का, हा प्रश्न थर्मामीटरपेक्षा जास्त सांगतो.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ

या वयाचे नियम वेगळे आहेत आणि बरेच कडक आहेत. एवढ्या लहान बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ते अनेकदा खोकत नाही, कधी कधी तापतही नाही. ते फक्त दूध प्यायचं कमी करतं, नंतर थांबवतं. काखेत थर्मामीटर लावल्यावर ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त आलं, किंवा उलट ९५.९ च्या खाली गेलं, तर तीही धोक्याचीच खूण. हातपाय आणि पोट दोन्ही गार लागणारं बाळ हे ताप असलेल्या बाळाइतकंच आजारी असू शकतं. डिवचल्याशिवाय हालचाल न करणं, नाळेभोवती लाली पसरणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं, जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसणं, यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय. एवढ्या लहान बाळाला तापाचं औषध देऊन ‘बघू’ म्हणणं चालत नाही. औषधाने खूण झाकली जाते, आजार तसाच राहतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके दिल्याचं प्रकरण समोर आलं. बाळाचं पोट फुगलं, श्वास वाढला की तिथे त्याला ‘डंबा’ म्हणतात. ऐकणाऱ्याला राग येतो. पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये: घरच्यांनी आजार ओळखला होता. पोट फुगणं आणि धाप लागणं या दोन्ही खऱ्या धोक्याच्या खुणा आहेत. चुकलं ते पुढचं पाऊल. घोटी परिसरात कुणी दृष्ट काढतं, कुणी भगताकडे अंगारा घेतं. अंगारा लावण्याला पाच मिनिटं लागतात, त्याने बिघडत नाही. त्यानंतर ‘गुण येतो का बघू’ म्हणून काढलेली रात्र बिघडवते.

जुलाब: डोळे, चिमटा आणि लघवी

जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. ओआरएस सुरुवातीपासून द्यायचं, दवाखान्यातून आल्यावर नव्हे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, वाटी-चमच्याने थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत मीठ-साखरेच्या अशाच पाण्याने हजारोंना वाचवलं; सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या म्हणून. सोबत १४ दिवस झिंकची गोळी. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. मोठी पुडी एक लिटरची असते. ती पेल्यात थोडी थोडी विरघळवली तर प्रमाण चुकतं आणि जास्त खारट पाण्याने उलट नुकसान होतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांवरही अनेक वर्षं ‘ओआरएस’ असं छापलेलं असायचं. त्यांत साखर खूप जास्त असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते बघून घ्या.

निघायचं कधी? डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं किंवा पाणीही पिईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडलं. तान्ह्या बाळाची टाळू खोल जाणं हीही त्यातलीच खूण. टाळूवर तेल घालून ती वर येत नाही, अंगात पाणी गेलं की येते.

तापाचं औषध: बाटली बदलली की हिशेब बदलतो

पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम धरले, तर पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सहा मिलिलिटर होतात, २५० वाल्याचे तीन आणि मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त दीड. ‘मागच्या वेळी सहा दिलं होतं’ म्हणून थेंबांच्या बाटलीतून सहा मिलिलिटर दिले तर मात्रा चौपट झाली. थेंब तान्ह्या बाळांसाठी असतात म्हणून ते सौम्य असतील, असं अनेकांना वाटतं. ते उलट जास्त तीव्र असतात.

निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. ॲस्पिरिन मुलांना तापात द्यायचं नाही. आणि खोकल्याचं सिरप? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा परिसरात ‘कोल्ड्रिफ’ सिरपमुळे २० हून अधिक मुलं दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. मूत्रपिंड निकामी झालेल्या त्यातल्या अनेक मुलांवर नागपुरात उपचार झाले होते. केंद्राने त्यानंतर पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊच नयेत. कोणतंही औषध दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली तर बाटली घेऊन दवाखाना गाठा.

झटके आले तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना ताप झपाट्याने चढताना झटके येतात. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबतात. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं कठीण सामान बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, बाकी काही होत नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, पुन्हा आला किंवा थांबल्यावर मूल शुद्धीवर आलं नाही, तर १०८. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी त्याच दिवशी दाखवायचं, कारण मेंदूज्वराची सुरुवातही अशीच असते.

ताप गेला आणि मूल जास्त बिघडलं

पावसाळ्यानंतर डेंग्यूचे दिवस येतात. यात साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरचे निःश्वास सोडतात आणि नेमक्या त्याच २४ ते ४८ तासांत धोका असतो. पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, ताप नसूनही मूल अस्वस्थ किंवा सुस्त. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले तर काचेचा ग्लास दाबून बघा. दाबल्यावरही ठिपके पुसट होत नसतील तर ती घामोळी नव्हेत.

निघताना

घोटी महामार्गावर असल्याने एक सोय आहे: इगतपुरी दहाएक किलोमीटरवर, नाशिक पस्तीसेक किलोमीटरवर, तर सिन्नर रस्त्यावर धामणगावला एसएमबीटी हे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे. फोन करताना वाडीचं नाव, जवळची ओळखीची खूण, मुलाचं वय आणि ‘श्वासाचा त्रास’ किंवा ‘झटके’ असं थेट सांगा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठी १०२ ची गाडी मोफत आहे. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर कुठपर्यंत येते हे विचारून तिथवर मूल घेऊन निघा, घरी वाट पाहू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबण्याचं कारण उरत नाही.

लसीकरणाचं कार्ड, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि फोनवर काढलेला व्हिडिओ सोबत घ्या. तान्ह्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, डोक्यावर टोपी घाला; पावसात, दुचाकीवर बाळ गार पडायला वेळ लागत नाही. गिळता येत असेल आणि जागं असेल तर वाटेत अंगावर पाजत राहा. उपाशी बाळाची साखर उतरते.

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं तर निघण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘काय दिसलं तर परत येऊ?’ उत्तर फोनमध्ये लिहून घ्या, कारण घरी गेल्यावर आजी, काका, शेजारी सगळे आपापलं मत देणार आहेत. न्यूमोनियाचं औषध सुरू झालं असेल तर रोज एकदा श्वास मोजून आकडा तारखेसह टिपून ठेवा. दोन दिवसांत तो उतरला नाही, तर बाटलीत औषध शिल्लक असलं तरी परत जायचं. आणि त्याआधी मूल प्यायचं थांबलं, तर दोन दिवसही नाही.